ताकातले लोखंड : आंबवलेल्या अन्नातून औषधाची ने-आण

परदेशीपुऱ्यात सकाळी पोहे-जलेबीची बशी हातात घेतली, की आजच्या विषयाची निम्मी सामग्री तिच्यात सापडते. जलेबीचे पीठ रात्रभर आंबलेले असते. पोह्यांवर लिंबू पिळलेले असते, आणि लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व अन्नातल्या लोहाला शरीरात शिरायला मदत करते. बशी रिकामी होता होता जो चहा हातात येतो, तो मात्र तेच लोह अडवून धरतो. म्हणजे एकाच न्याहारीत एक वस्तू लोहाला आत नेते, दुसरी त्याला दाराशी थांबवते. तिसरी, आंबवलेली वस्तू काय करते, हा आपला आजचा प्रश्न.

वाचकहो, साहित्याच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे आपल्या मनात आले असेल. त्याचे एक कारण शब्दांचे आहे. ‘आंबवणे’ हा शब्द आपल्या घरात इतका जुना आहे की त्याच्याभोवती विरजण, मुरवण, अदमुरे, खमीर, आंबोण असा गोतावळाच जमला आहे. शास्त्राची पुस्तके त्याला ‘किण्वन’ म्हणतात, आणि तोही शब्द काही काल घडवलेला नाही. मद्याच्या आंबोणाला ‘किण्व’ म्हणणे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. याउलट ‘नॅनो’ हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ बुटका. आपल्याकडे तो आधी मोटारीचे नाव म्हणून आला, मग खताच्या बाटलीवर आला, आणि आता औषधाच्या नि दह्याच्या डब्यावर येऊ लागला आहे. मराठीत त्याला ‘अब्जांश’ असा नेटका प्रतिशब्द आहे, पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडला नाही. मीटरचे अब्ज भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. नॅनोकण म्हणायचे ते साधारण एक ते शंभर नॅनोमीटरच्या कणाला.

हे दोन शब्द आता एकत्र आले आहेत. आंबवलेल्या अन्नातल्या जीवाणूंच्या पाठीवर औषधाचे नॅनोकण लादून ते आतड्यापर्यंत न्यायचे, अशी खटपट काही प्रयोगशाळांत चालू आहे. औषधे अनेक आहेत. मी एकच घेतो, लोह. त्यात आपल्या घरातल्या बायका-मुलींचा थेट संबंध आहे, म्हणून.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के, मध्य प्रदेशात ५४.७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपण माळव्यातले मराठी लोक या दोन्ही प्रांतांचे नाते सांगतो. इथे दोन्हीकडून निकाल सारखाच आहे. सगळीच रक्ताल्पता लोहाच्या अभावाची नसते, आणि या गोष्टीकडे मला शेवटी यायचे आहेच, पण मोठा वाटा लोहाचा आहे.

यावर सरकारचा उपाय म्हणजे गोळी. २०१८ पासून ‘ॲनिमियामुक्त भारत’ या नावाने जो कार्यक्रम चालतो, त्यात मोठ्यांच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी, गरोदर स्त्रीला रोज एक लाल. गोळी स्वस्त आहे, चांगली आहे, आणि लागू पडते. अडचण पुढे येते. तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळते, बद्धकोष्ठ होतो, शौचाला काळे होते. आणि चार दिवसांनी गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याच्या फळीवर जाऊन बसते. याला बाईचा आळस म्हणणे सोपे आहे. खरे म्हणजे त्या ६० मिलिग्रॅममधले थोडेच लोह रक्तात जाते. यकृत ‘हेप्सिडिन’ नावाचे एक संप्रेरक सोडते, ते लोहाच्या दाराचा पहारेकरी असते. एकदम मोठी मात्रा आली की ते दार ओढून घेते, आणि उरलेले लोह खाली मोठ्या आतड्यात उतरते.

तिथे काय होते? तिथल्या पुष्कळ उपद्रवी जीवाणूंना लोह हवेच असते. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशात शाळकरी मुलांना लोहयुक्त बिस्किटे देऊन केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की सहा महिन्यांत मुलांच्या आतड्यात उपद्रवी गटातले जीवाणू वाढले आणि दह्याच्या कुळातले लॅक्टोबॅसिलस कमी झाले. या लॅक्टोबॅसिलसांची एक गंमत आहे. बहुतेक सजीवांना लोहावाचून जगता येत नाही. यांतल्या बहुतेकांना मात्र ते जवळजवळ लागतच नाही. लोहाचे काम ते मँगनीजवर भागवतात. लोह वाहून नेण्यासाठी हमाल हवा असेल, तर जो वाटेत माल खात नाही असा हमाल बरा. पुढचे सगळे संशोधन या एका स्वभावावर उभे आहे.

पण त्याआधी आपल्याकडची जुनी वाट पाहू. आयुर्वेदात ‘अनुपान’ म्हणून एक सुंदर शब्द आहे. औषध ज्याच्याबरोबर घ्यायचे ते अनुपान : मध, तूप, कोमट पाणी, ताक. तेच औषध, पण अनुपान बदलले की त्याचे काम बदलते, असा त्यामागचा विचार. पांडुरोगावर, म्हणजे ज्यात माणूस फिकट पडतो त्या आजारावर, मंडूर देत. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट. ‘पुनर्नवा मंडूर’ हा प्रसिद्ध कल्प ताकाबरोबर घ्यायला सांगतात. त्याहून नेमके उदाहरण लोहासवाचे. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात, आसव-अरिष्टांच्या प्रकरणात ते येते. लोहचूर्ण, त्रिफळा, त्रिकटू, ओवा, वावडिंग, नागरमोथा, चित्रक, धायटीची फुले, मध, गूळ आणि पाणी हे सारे तुपाने माखलेल्या भांड्यात भरून महिनाभर ठेवायचे. यातली धायटी आपल्या विंध्य-सातपुड्याच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलते तीच. तिच्या फुलांत मधुरस असतो, त्यावर रानटी यीस्ट वाढलेले असते, आणि गुळाच्या पाण्यात पडल्यावर ते कामाला लागते. साखरेचे मद्यार्क होते, थोडी आम्ले तयार होतात. लोखंड आम्लात हळूहळू विरघळते. महिन्याने जो काळा द्रव निघतो तो लोहासव. आजही पनवेलच्या धूतपापेश्वरसारख्या, १८७२ पासून चालत आलेल्या कारखान्यांच्या मालाबरोबर अशी आसवे-अरिष्टे दुकानात मिळतात.

इथे दोन मोह आवरले पाहिजेत. पहिला, ‘आमच्या पूर्वजांना नॅनो ठाऊक होते’ असे म्हणण्याचा. त्यांना कणाचे माप ठाऊक नव्हते, तसा त्यांचा दावाही नव्हता. त्यांना ठाऊक होते ते हे, की कोरडे लोखंड गिळून भागत नाही, त्याला आंबवलेल्या, आंबटसर द्रवात घालून द्यावे लागते. हे ज्ञान लहान नाही. दुसरा मोह, त्यांनी सगळे बरोबरच केले असे मानण्याचा. लोहासव काळे होते ते हिरडा-बेहड्यातल्या तुरट द्रव्यांमुळे. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. आपल्या आज्या-पणज्या लोखंडी कढईत त्रिफळा भिजवून केसांना लावत ते याच काळ्यासाठी, आणि जुन्या पोथ्यांची पुष्कळशी शाईही याच जोडीची. आणि हीच तुरट द्रव्ये चहातही असतात, ती लोहाला बांधून ठेवतात. म्हणजे लोहासवात लोहाला विरघळवणारे आणि लोहाला बांधणारे एकाच भांड्यात नांदत आहेत. एकूण हिशेब कुणाच्या बाजूने जातो, हे घटाघटाप्रमाणे बदलत असणार.

आता नॅनोकडे येऊ. लोहाची फार जुनी पंचाईत अशी आहे : जे लोह पाण्यात चटकन विरघळते, ते अन्नाची चव आणि रंग बिघडवते, जे विरघळत नाही, ते चवीला निरुपद्रवी पण पोटालाही निरुपयोगी. फेरस सल्फेट हे पहिल्या जातीचे, फेरिक फॉस्फेट दुसऱ्या. झुरिकच्या संशोधकांनी या दुसऱ्या जातीचे कण अतिसूक्ष्म करून पाहिले. एक सेंटिमीटर बाजूचा, फाशासारखा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर वस्तुमान तेवढेच राहते, पण सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग मिळून सहाशे चौरस मीटर होतो. लग्नाचा मोठा मंडप घातला जाईल एवढा. जठरातल्या आम्लाला चावायला एवढी जागा मिळाल्यावर जो कण विरघळत नव्हता तो विरघळतो. २००७ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत, उंदरांमध्ये असे नॅनोलोह जवळपास फेरस सल्फेटइतकेच शोषले गेले, आणि ऊतींत साचल्याचे दिसले नाही.

निसर्गाला ही युक्ती पूर्वीपासून माहीत आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या पेशींत लोह साठवणारे ‘फेरिटिन’ नावाचे प्रथिन असते. ते बारा नॅनोमीटरचा पोकळ चेंडू असते, आणि त्या चेंडूत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू रचून ठेवता येतात. सुटे लोह पेशीला घातक, म्हणून असे डबीत बंद. दूधही तसेच. दुधात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की साध्या पाण्यात ते खाली बसले असते. केसिन नावाच्या प्रथिनाच्या, सरासरी दीडशे-दोनशे नॅनोमीटरच्या गोळ्यांत ते धरून ठेवलेले असते. दूध पांढरे दिसते तेही बरेचसे या गोळ्यांवरून प्रकाश विखुरल्यामुळे. इस्राएलमधल्या टेक्निऑन संस्थेत २००७ मध्ये याच केसिनच्या गोळ्या सोडवून, त्यांत ‘ड’ जीवनसत्त्व भरून, पुन्हा बांधण्याचे काम झाले. गाईने वासरासाठी केलेल्या पुडीत आपले औषध भरायचे, असा तो प्रकार.

मग सोपे उत्तर डोळ्यांसमोर येते : दह्यात लोहाचे नॅनोकण घाला, झाले काम. माझ्या मते हे उत्तर चुकीचे आहे, आणि बाजारात नेमके हेच पहिल्यांदा विकायला येईल, म्हणून जरा थांबून सांगतो. दुधात लोह मुळातच नगण्य असते. त्यातले कॅल्शियम आणि केसिन दोन्ही लोहाच्या शोषणात आडवे येतात. लोहाची गोळी दुधाबरोबर, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, असे डॉक्टर सांगतात ते यासाठी. वाटीभर दही कॅल्शियमसाठी उत्तम. लोहाचे अनुपान म्हणून ते दुय्यम. मंडूर ताकाबरोबर देणाऱ्या वैद्यांनी निदान दही न देता, पाणी घालून घुसळलेले पातळ ताक दिले, हे त्यातल्या त्यात बरे.

मात्र दह्याचा एक भाग वेगळा निघतो. श्रीखंडासाठी चक्का टांगला की फडक्याखाली जे हिरवट पाणी गळते, ते आपण बहुधा मोरीत ओततो, फार तर कणकेत घालतो. त्या निवळीत ‘बीटा लॅक्टोग्लोब्युलिन’ हे प्रथिन असते. ते आम्लात तापवले की त्याचे काही नॅनोमीटर जाडीचे लांब तंतू होतात. या तंतूंवर लोहाचे नॅनोकण बसवण्याचे काम झुरिकमध्ये झाले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तंतू लोहाला विरघळणाऱ्या अवस्थेत धरून ठेवतात आणि स्वतः पचून जातात. पुढे याच पद्धतीने ओटच्या प्रथिनाचे तंतू करून थायलंडमधल्या, लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांवर चाचणी झाली, आणि त्यातले लोह फेरस सल्फेटपेक्षा अधिक शोषले गेले. हे माणसांवरचे काम आहे, म्हणून त्याला वजन आहे. पण ते तंतू प्रयोगशाळेत, ठरलेल्या आम्लतेला आणि ठरलेल्या तापमानाला केलेले आहेत. फडक्यातून गळलेली निवळी पिऊन ते पोटात जात नाहीत.

आता जीवाणूंकडे. इथे आपल्या देशातले एक काम आधी सांगायला हवे. २००१ च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करवून घेतले होते. पाठोपाठ २००२ मध्ये मद्रासच्या आयआयटीतल्या टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकारी बी. नायर यांनी ताकात नेहमी सापडणारे लॅक्टोबॅसिलस घेतले आणि ते सोन्या-चांदीच्या क्षारांच्या द्रावणात ठेवले. जीवाणूंच्या देहाच्या चौकटीतच सोन्याचे आणि चांदीचे बारीक स्फटिक वाढलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आधी अतिसूक्ष्म पुंजके, मग ते एकमेकांत मिसळून मोठे स्फटिक. यात औषध कुठेच नव्हते. पण ताकातल्या जीवाणूचा देह धातूचे कण धरू शकतो, एवढे त्यातून कळले.

मापाची कल्पना यावी म्हणून : लॅक्टोबॅसिलस साधारण दोन हजार नॅनोमीटर लांब धरला आणि नॅनोकण दहाचा, तर प्रमाण दोनशेस एक पडते. पाच मीटर लांबीचा टेम्पो आणि त्यात अडीच सेंटिमीटरचा आवळा. टेम्पोत आवळे भरपूर मावतात.

तो टेम्पो स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात भरला गेला. तिथल्या गटाने लॅक्टोबॅसिलस फर्मेंटम या जीवाणूच्या बाहेरच्या आवरणावर लोहाच्या ऑक्साइडचे, मॅग्हेमाइटचे, नॅनोकण बसवले. २०१४ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले, त्यात जीवाणू लोहचुंबकाकडे ओढले जात होते. इतके लोह त्यांच्या अंगावर होते. २०१८ मध्ये त्यांनी असे लोह लादलेले जीवाणू रक्ताल्पता झालेल्या उंदरांना दिले, आणि उंदरांचे रक्त सुधारले. यात तीन गोष्टी जुळून आल्या. एक, दह्याची आम्लता आणि जठराची आम्लता यांत शेकडो पटींचा फरक असतो. तिथून हा जीवाणू पार पडतो. दोन, तो आतड्याच्या चिकट अस्तराला धरून राहतो, म्हणजे माल नेमक्या दारात उतरतो. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. आतड्याच्या पेशी लोह ‘फेरस’ रूपातच आत घेतात, आणि अन्नातले बरेचसे लोह ‘फेरिक’ रूपात असते. हा जीवाणू एक सेंद्रिय आम्ल बाहेर सोडतो, आणि ते फेरिकचे फेरस करते. म्हणजे हमाल माल दाराशी आणतो आणि दाराच्या मापाचा करूनही देतो.

हे झाले उंदरांचे. माणसांसाठी हा लोह लादलेला जीवाणू अजून दुकानात नाही, आणि ‘नॅनो लोह प्रोबायोटिक’ असे काही कुणी विकायला आणले, तर माणसांवरची चाचणी दाखवा, असे विचारायला आपण लाजू नये.

नॅनोकण न लादताही जीवाणू मदत करतात, याचा पुरावा मात्र माणसांत आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचा आहे. २००६ मध्ये डेन्मार्कमध्ये तरुण स्त्रियांना ओटची आंबवलेली पेज जेवणाबरोबर देऊन लोहाचे शोषण मोजले. जिवंत जीवाणू असलेल्या पेजेने ते वाढले. तीच पेज तापवून जीवाणू मारले, किंवा न आंबवता नुसती आम्ले मिसळली, तर तेवढा फरक पडला नाही. म्हणजे आंबटपणा एकटा पुरेसा नव्हता. पुढे स्वीडनमध्ये त्याच जातीचा जीवाणू फळांच्या पेयातून दिला, तेव्हाही शोषण वाढले.

ओटची आंबवलेली पेज म्हणजे दुसरे काय? आपली आंबील. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री पाण्यात, थोडे ताक घालून भिजवायचे आणि सकाळी शिजवायचे. आपल्या मेवाड-माळव्याकडची ताकातली राबडी तिचीच बहीण. धान्याच्या कोंड्यात ‘फायटेट’ असते, ते लोहाला आवळून धरते. ज्वारी-बाजरी-नाचणीत लोह असूनही अंगी लागत नाही याचे ते मोठे कारण. पण धान्यातच ‘फायटेज’ नावाचे विकरही असते, जे फायटेट तोडते, आणि ते किंचित आंबट पाण्यात सगळ्यांत चांगले चालते. आंबवण म्हणजे त्याला हवे ते वातावरण करून देणे. क्रम महत्त्वाचा : आधी आंबवा, मग शिजवा. शिजवल्यावर विकर मरते, जीवाणूही मरतात. तोवर फायटेटचे काम मात्र झालेले असते. जिवंत जीवाणूंचा लाभही हवा असेल, तर आंबील कोमट झाल्यावर तिच्यात थोडे ताजे ताक घालायचे, जे आपल्या आया करतच आल्या. कॅल्शियम अडवील म्हणून तेवढ्या ताकाला घाबरू नये; वाडगाभर घट्ट दही आणि दोन पळ्या पातळ ताक यांत फरक आहे. वर लिंबू, आणि चहा तासा-दीड तासाने.

यावर कुणी म्हणेल, जलेबीही आंबवलेलीच की. आहे. पण ती मैद्याची. मैद्यातला कोंडा गेला तेव्हा फायटेट गेले, आणि लोहही गेले. आंबवणाला सोडवायला काही उरलेच नाही. उकळत्या तुपात एकही जीवाणू जिवंत राहत नाही. जलेबी आपण जलेबी म्हणून खावी, ती त्याच योग्यतेची आहे. लोखंडी कढईत केलेल्या आंबट कढीत मात्र खरोखरच लोह उतरते, आणि त्याला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

आता एक भेद सांगतो, तो लक्षात राहिला तर बाजारातले निम्मे गोंधळ टळतील. नॅनोकण दोन प्रकारचे : पोटात विरघळणारे आणि न विरघळणारे. लोहाच्या फॉस्फेटचा नॅनोकण जठरात विरघळला, की तो नॅनो राहतच नाही. ते साधे लोह होते, आणि शरीराला त्याची वाट माहीत असते. सोने, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखे कण तसे विरघळत नाहीत, कण म्हणूनच पुढे जातात. मिठाईला पांढरेपणा आणणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडवर युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नात बंदी घातली, ती या कणांबद्दलच्या शंकेवरून. चांदीचे नॅनोकण जीवाणू मारतात, त्यासाठीच ते मलमपट्टीत वापरतात. असे कण दह्यात घालणे म्हणजे ज्या हमालाला बोलावले त्यालाच मारणे.

आपल्याकडे नियमांची सुरुवात झाली आहे. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली, शेती आणि अन्नातल्या नॅनो-उत्पादनांसाठी २०२० मध्ये. पण नियमांना न सुटणारी एक गाठ या विषयात आहे. गोळी एका माणसाची असते. तिच्यावर त्याचे नाव नसले तरी मात्रा त्याची असते. अन्न पंगतीचे असते. ताकाचे भांडे घरात सगळ्यांत फिरते. आजोबाही पितात, नातूही पितो. विरजण शेजारी मागून नेतो, आणि जीवाणू तिथेही वाढतो. त्याच्या अंगावरचे लोह मात्र वाढत नाही. प्रत्येक विरजणाला ते अर्ध्याहून अर्धे होत जाते. म्हणजे मात्रा एका घरात जास्त, दुसऱ्यात नाहीच.

आणि लोह सगळ्यांना हवे असते असे नाही. इंदूरमध्ये सिंधी समाज मोठा आहे, आणि त्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा जास्त आढळतात. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साचते, आणि ते बाहेर काढायला वेगळी औषधे द्यावी लागतात. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या निरोगी बाईच्या रक्तपेशीही लहान आणि फिकट दिसतात, अहवालात हिमोग्लोबिन थोडे कमी येते, आणि तिला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, ज्यांचा तिच्या हिमोग्लोबिनवर काही परिणाम होत नाही. लोह घातलेल्या तांदळाच्या पिशवीवर अशा रुग्णांसाठी इशारा छापण्याची जी सक्ती होती, ती २०२४ मध्ये उठवण्यात आली. त्या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी डॉक्टर बोलत आहेत.

तेव्हा घरातल्या कुणाचे हिमोग्लोबिन कमी आले, तर आंबील करायला हरकत नाही, गोळी डॉक्टरांनी दिली असेल ती सोडायची नाही, आणि दोन-तीन महिने गोळी नियमाने घेऊनही आकडा हलला नाही, तर रक्तातले फेरिटिन आणि ‘एचबी ए-टू’ या दोन तपासण्या करून घ्यायच्या. पहिली सांगते की लोहाचा साठा खरोखर रिकामा आहे की नाही. दुसरी सांगते की प्रश्न लोहाचा नसून थॅलेसेमियाचा आहे का.